युनियनची वर्गणी, पगारातील कपात आणि कामगाराची सही

हिंगणा औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात नऊ वर्षे कायम नोकरीत असलेल्या एका कामगाराने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या कारखान्यात मान्यताप्राप्त युनियन आहे. पदाधिकाऱ्यांशी न पटल्यामुळे दोन वर्षांपूर्वी त्यांनी युनियनची पावती घेणे, म्हणजे वर्गणी भरणे, थांबवले. तरीही यंदाच्या मे महिन्यापासून त्यांच्या पगारातून दरमहा १०० रुपये ‘युनियन वर्गणी’ या नावाने कापले जात आहेत, आणि नव्या वेतनकरारात फरकाच्या (वाढीव पगाराच्या थकबाकीच्या) रकमेतून १० टक्के युनियनच्या निधीसाठी कापण्याचे कलम आले आहे. चौकशी केली तेव्हा ‘पावती फाडा भाऊ, नाही तर कराराचा फायदा विसरा’ असे उत्तर मिळाले. त्यांचा धाकटा भाऊ बुटीबोरीतील दुसऱ्या कारखान्यात प्रोबेशनवर आहे. तिथे कामगार नव्याने युनियन बांधत आहेत आणि त्याला सुपरवायझरने ‘फॉर्मवर सही केलीस तर कायम होण्याचे विसर’ असे बजावले आहे. म्हणजे एकाच घरात एकावर युनियनमध्ये राहण्याची आणि दुसऱ्यावर युनियनपासून दूर राहण्याची सक्ती होत आहे.

नागपूरच्या कामगार न्यायालयात आणि औद्योगिक न्यायालयात मी सत्तावीस वर्षे कामगारांच्या बाजूने वकिली करत आलो आहे, आणि या दोन तक्रारी माझ्याकडे बहुधा वेगवेगळ्या माणसांकडून, वेगवेगळ्या वेळी येतात. इथे त्या एकत्र आल्या हे बरे झाले, कारण दोन्ही भावांना कायद्याचे मूळ उत्तर एकच आहे: युनियनचे सभासद व्हायचे की नाही, झाल्यावर राहायचे की नाही, हे कामगाराने स्वतः ठरवायचे असते. मात्र त्या उत्तराला थोरल्या भावाच्या बाबतीत एक मोठा अपवाद जोडलेला आहे आणि तो न सांगता केवळ ‘सक्ती बेकायदेशीर आहे’ एवढेच सांगणे ही त्यांची दिशाभूल ठरेल.

संविधानाच्या अनुच्छेद १९ (१) (ग) ने संघटना स्थापन करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. परंतु हे स्वातंत्र्य मुख्यतः शासनाविरुद्ध मागता येते. खासगी कारखान्याच्या दारात त्याला प्रत्यक्ष बळ मिळते ते कामगार कायद्यांतून. महाराष्ट्रात त्यासाठीचा सर्वांत उपयोगी कायदा म्हणजे कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध यासंबंधीचा १९७१ चा राज्य अधिनियम, ज्याला वकील आणि कामगार दोघेही ‘एमआरटीयू’ म्हणतात. त्याची दुसरी अनुसूची मालकाच्या अनुचित प्रथा सांगते आणि तिसरी अनुसूची युनियनच्या. तिसऱ्या अनुसूचीत युनियनमध्ये सामील होण्याच्या किंवा सामील न होण्याच्या कामगाराच्या हक्कावर युनियनने जबरदस्ती करणे ही अनुचित प्रथा म्हणून नोंदवलेली आहे. ‘सामील न होण्याच्या’ हे शब्द अनेक पदाधिकाऱ्यांनी कधी वाचलेले नसतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राची औद्योगिक संबंध संहिता, २०२० अमलात आली आणि १९२६ चा कामगार संघटना अधिनियम, १९४६ चा स्थायी आदेशांचा अधिनियम व १९४७ चा औद्योगिक विवाद अधिनियम तिने रद्द केले. पण तिच्याही दुसऱ्या अनुसूचीत हीच तरतूद कायम आहे. रद्द झालेल्या कायद्यांच्या यादीत महाराष्ट्राच्या १९७१ च्या अधिनियमाचे नाव नाही. अर्ज लिहिताना मी दोन्हींचा उल्लेख करतो आणि तुमच्या वकिलांनीही तसाच करावा.

युनियनमधून बाहेर पडणाऱ्याला ‘गद्दार’ म्हणण्याची पद्धत आपल्याकडे आहे, म्हणून एक गोष्ट सांगतो. १९२९ साली आयटकचे (अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस या कामगार संघटनेचे) अधिवेशन याच नागपुरात, पंडित जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली भरले होते आणि तिथेच ती संघटना फुटली. ना. म. जोशी, व्ही. व्ही. गिरी यांच्यासारखे नेते बाहेर पडले आणि त्यांनी वेगळी संघटना काढली. आयुष्य कामगारांसाठी वेचलेल्या माणसांनाही मतभेदामुळे बाहेर पडावे लागले होते. तुम्ही दोन वर्षांपूर्वी केले त्यात लाज वाटण्यासारखे काहीही नाही.

आता पगारातील कपातीकडे येऊ. पगारातून काय कापता येईल याची यादी कायद्याने बंदिस्त केलेली आहे. त्या यादीबाहेरचा एक रुपयाही मालकाला कापता येत नाही. युनियनची वर्गणी त्या यादीत आहे, पण दोन अटींसह: युनियन नोंदणीकृत असली पाहिजे आणि कामगाराने त्या कपातीसाठी लेखी संमती दिलेली असली पाहिजे. १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमात हे होतेच आणि त्याची जागा घेणाऱ्या वेतन संहिता, २०१९ च्या कलम १८ मध्येही ते आहे. संमती लेखी हवी, म्हणजे युनियनने कंपनीला दिलेली सभासदांची यादी पुरेशी नाही, सरचिटणीसाचे पत्र पुरेसे नाही आणि ‘सगळ्यांचे कापतो म्हणून तुमचेही कापले’ हे तर मुळीच पुरेसे नाही.

त्यामुळे तुमचे पहिले काम म्हणजे कंपनीकडे तो कागद मागणे, आणि इथे जरा सावध राहायला हवे. नोकरीला लागताना कामगाराच्या पुढे दहा-पंधरा कागद एकदम ठेवले जातात. भविष्यनिर्वाह निधीचे नामनिर्देशन, ईएसआयचा फॉर्म, गणवेशाची पोच, बँकेचे पत्र. एचआरचा माणूस पेन्सिलीने फुली मारत जातो आणि कामगार त्या फुलीवर सही करत जातो. त्या गठ्ठ्यात कधी कधी अर्ध्या पानाचा एक कागद असतो: ‘मी खाली सही करणार, अमुक युनियनचा सभासद असून युनियनने वेळोवेळी ठरवलेली वर्गणी माझ्या वेतनातून कापून घेण्यास संमती देतो.’ नऊ वर्षांपूर्वी तुम्ही असा कागद सही करून दिला असेल, तर कंपनी तोच पुढे करील. तो हातात आला की तीन गोष्टी पाहा. युनियनचे नाव आजच्या युनियनचेच आहे का, कारण एका युनियनसाठी दिलेली संमती दुसरीला लागू होत नाही. तारीख कोणती आहे. आणि सही खरोखर तुमची आहे का.

तिसरी गोष्ट मी उगाच सांगत नाही. काही वर्षांपूर्वी एका प्रकरणात कंपनीने औद्योगिक न्यायालयात बासष्ट संमतीपत्रे दाखल केली. ती मी टेबलावर ओळीने मांडली तेव्हा दिसले की त्यांतील एकोणीस पत्रांवर नाव, टोकन नंबर आणि तारीख एकाच हस्ताक्षरात आहेत, आणि ती तारीख रविवारची, म्हणजे कारखान्याच्या साप्ताहिक सुट्टीची आहे. त्यांपैकी एकजण त्या दिवशी दवाखान्यात भरती होता. त्याच्या डिस्चार्ज कार्डावर भरतीची तारीख लिहिलेली होती. पुढच्या तारखेला कंपनीने ती सर्व पत्रे मागे घेतली. कागद मागितला नसता तर ती कपात अजूनही चालू राहिली असती.

संमतीपत्र खरे निघाले तरी तुम्ही कायमचे बांधले गेलात असे नाही. संमती देणारा ती मागेही घेऊ शकतो. त्यासाठी दोन वेगळी पत्रे लिहावी लागतात आणि इथेच बहुतेकांची चूक होते. पहिले पत्र युनियनच्या सरचिटणीसाला, सभासदत्वाचा राजीनामा म्हणून. दुसरे कंपनीला, वर्गणी कपातीची संमती मागे घेत असल्याचे. तुम्ही केवळ पावती घेणे थांबवले. त्याने कंपनीकडची संमती आपोआप रद्द झालेली नाही, आणि कंपनीचा पहिला बचाव हाच असेल. दोन्ही पत्रांच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का द्यायला नकार मिळाला तर त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवा.

आता तो अपवाद. मासिक वर्गणी आणि वेतनकराराच्या फरकातून होणारी एकरकमी कपात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८४ मध्ये मुंबईच्या बामर लॉरी वर्कर्स युनियनच्या प्रकरणात दिलेला निकाल आमच्या क्षेत्रात सर्वांना पाठ असतो. तिथे मान्यताप्राप्त युनियनने केलेल्या करारात प्रत्येक कामगाराच्या फरकाच्या एकूण रकमेतून १५ टक्के युनियनच्या निधीसाठी कापण्याचे कलम होते. दुसऱ्या युनियनने, म्हणजे ज्यांच्या सभासदांचे पैसे प्रतिस्पर्ध्याच्या तिजोरीत जाणार होते त्यांनी, त्याला आव्हान दिले. न्यायालयाने कपात वैध ठरवली. करार ही देवाणघेवाण असते, त्यातील लाभ घेतले जात असताना त्याच कराराने ठरवलेली कपात सक्तीची वसुली किंवा कर ठरत नाही, असा त्यामागचा विचार आहे. मान्यताप्राप्त युनियनलाच बोलणी करण्याचा विशेष अधिकार देणाऱ्या १९७१ च्या तरतुदीही त्याच निकालात टिकल्या. व्यक्तिशः मला हा निकाल पूर्णपणे पटलेला नाही, कारण सभासद नसलेल्या माणसाकडून पैसे घेतले जातात आणि त्या पैशाचा हिशेब मागण्याचा हक्क मात्र त्याला मिळत नाही. परंतु तो निकाल आहे, आणि तो असताना मी तुम्हाला १० टक्क्यांविरुद्ध लढा असे सांगणार नाही.

ज्या गोष्टी तपासायच्या त्या अशा: युनियनकडे औद्योगिक न्यायालयाचे मान्यता प्रमाणपत्र आहे का, दहा टक्क्यांचे कलम सही झालेल्या करारातच आहे की नंतरच्या एखाद्या पत्रात घुसवले आहे, आणि कपात फक्त फरकाच्या रकमेवर झाली आहे का. दरमहाच्या १०० रुपयांना या निकालाचा आधार सहजासहजी मिळत नाही. करारात त्याचा उल्लेख नसेल तर तुमच्या सहीशिवाय ती कपात उभी राहू शकत नाही.

‘कराराचा फायदा विसरा’ ही धमकी मात्र पोकळ आहे. मान्यताप्राप्त युनियनने केलेला करार कारखान्यातील सर्व कामगारांना लागू होतो, सभासद असोत वा नसोत, आणि नंतर नोकरीला लागणाऱ्यांनाही. सलोखा अधिकाऱ्यांसमोर झालेल्या करारालाही हाच नियम आहे. मान्यताप्राप्त युनियन नसेल आणि करार सलोखा कार्यवाहीबाहेर झाला असेल तरच तो फक्त सही करणाऱ्या पक्षांपुरता असतो, आणि तेव्हा सभासद नसलेल्याला तो लेखी मान्य करावा लागतो. तुमच्या कारखान्यात तशी परिस्थिती नाही. पावती न फाडल्यामुळे तुमची पगारवाढ रोखली तर कंपनी आणि युनियन दोघेही अनुचित प्रथेच्या तक्रारीला पात्र ठरतील.

मग पदाधिकारी शंभर रुपयांसाठी एवढे का अडून बसतात? कारण प्रश्न पैशाचा कमी आणि मोजणीचा जास्त असतो. १९७१ च्या अधिनियमाखाली मान्यता मिळवायला पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत अर्जापूर्वीचे सलग सहा महिने किमान ३० टक्के कामगार युनियनचे सभासद असावे लागतात, आणि ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक थकली तो सभासद म्हणून मोजलाच जात नाही. त्या कायद्यात वर्गणीची किमान रक्कम महिन्याला अवघी ५० पैसे आहे. १९२६ च्या कायद्यात शहरी संघटित कामगारासाठी ती वर्षाला १२ रुपये होती. म्हणजे पावतीची किंमत रुपयांत नसते. सभासदसंख्येचा वाद लागला की तपास अधिकारी पावतीपुस्तके, सभासद नोंदवही आणि बँकेतील भरणा एकमेकांशी ताडून पाहतो, आणि तिथे प्रत्येक पावती एका मताच्या वजनाची असते. नव्या संहितेत तर एकमेव वाटाघाटी युनियन होण्यासाठी हजेरीपटावरील ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा लागतो, आणि तसा कोणालाच नसेल तर किमान २० टक्के पाठिंबा असलेल्या युनियनांची वाटाघाटी परिषद बनते. त्यामुळे पावतीसाठीची ओढाताण पुढे वाढणारच आहे.

इथे माझे मत स्पष्ट सांगतो, पटले नाही तर बाजूला ठेवा. राजीनामा देण्याचा हक्क तुम्हाला आहे, पण तो वापरण्यापूर्वी बाहेर राहिल्याने काय गमावता ते समजून घ्या. १९७१ च्या अधिनियमाच्या कलम २१ नुसार, वर्षानुवर्षे बदली (दुसऱ्याच्या जागी तात्पुरता) किंवा हंगामी कामगार म्हणून ठेवून कायमपणाचे लाभ नाकारण्याविरुद्धची तक्रार मान्यताप्राप्त युनियन असताना एकटा कामगार लढवूच शकत नाही. ती युनियनमार्फतच लढवावी लागते. बडतर्फी, निलंबन, कपात अशा व्यक्तिगत आदेशांचे प्रकरण तुम्ही स्वतः किंवा दुसऱ्या युनियनमार्फत चालवू शकता, आणि खात्यांतर्गत चौकशीत मान्यता नसलेली युनियनही आपल्या सभासदाच्या बाजूने उभी राहू शकते. परंतु सामूहिक प्रश्नांची किल्ली मान्यताप्राप्त युनियनच्या हातात असते. तिच्या सभेत बोलण्याचा, कार्यकारिणी निवडण्याचा, हिशेबाच्या वह्या पाहण्याचा हक्क फक्त सभासदाला आहे. मान्यताप्राप्त युनियनच्या कार्यकारिणीची बैठक तीन महिन्यांच्या आत झालीच पाहिजे, ठराव इतिवृत्तात लिहिले गेले पाहिजेत आणि शासनाने नेमलेल्या लेखापरीक्षकाला तिचे हिशेब दरवर्षी तपासता आले पाहिजेत, असे कलम १९ सांगते. फरकाच्या १० टक्क्यांतून जमणारी रक्कम कोणत्या बँक खात्यात गेली आणि कशावर खर्च झाली, हे तुम्ही सभासद म्हणून विचाराल तर पदाधिकाऱ्यांना उत्तर द्यावे लागेल. बाहेरून विचाराल तर ते दार बंद करतील आणि कायदा त्यांना फारसा अडवणार नाही. माझ्या अनुभवात वाईट कारभाराच्या युनियनची सर्वाधिक सोय तिला सोडून जाणाऱ्या चांगल्या माणसांनी केलेली आहे.

सभासद राहिलात तरी राजकीय वर्गणीची सक्ती तुमच्यावर होऊ शकत नाही. राजकीय कामासाठी युनियनला वेगळा निधी ठेवावा लागतो, तो सर्वसाधारण निधीतून भरता येत नाही, आणि त्यात पैसे न देणाऱ्या सभासदाला इतर कोणत्याही लाभापासून दूर ठेवता येत नाही. पूर्वी हे १९२६ च्या कायद्याच्या कलम १६ मध्ये होते, आता संहितेच्या कलम १५ मध्ये आहे. निवडणुकीच्या दिवसांत गेटवर वेगळ्या रंगाचे पावतीपुस्तक दिसले तर ते कोणत्या निधीचे आहे, एवढे विचारा.

आता धाकट्या भावाबद्दल. युनियनमध्ये गेल्यास कामावरून काढण्याची धमकी देणे, युनियन बांधली जात असताना ती मोडण्यासाठी निवडकांना पगारवाढ देणे, युनियनच्या कामामुळे बढती किंवा ज्येष्ठता रोखणे, कंपनीने स्वतःच्या मर्जीची युनियन उभी करणे, या सर्व गोष्टी १९७१ च्या अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत शब्दशः नमूद आहेत. प्रोबेशनवरील कामगारालाही हे संरक्षण आहे. अडचण पुराव्याची असते, कारण सुपरवायझर असे कधी लिहून देत नाही. म्हणून त्याने आजच एका वहीत तारीख, वेळ, जागा, नेमके शब्द आणि जवळ कोण उभे होते ते लिहून ठेवावे, आणि युनियनच्या नोंदणी अर्जावर सही केली असेल तर त्याची प्रत घरी ठेवावी. त्याची नोकरी गेली तर न्यायालय पहिला प्रश्न विचारील की काम असमाधानकारक असल्याचे एखादे पत्र सहीच्या आधी दिले होते का. असे पत्र नसेल आणि सही केल्यानंतर काही दिवसांतच सेवा संपवली असेल, तर तारखांचा तो क्रमच मोठा पुरावा होतो. तातडीचा अंतरिम आदेश देण्याचा अधिकार न्यायालयाला त्याच अधिनियमाच्या कलम ३० खाली आहे. धमकी ताजी असतानाच तो मागावा. नव्या संहितेत अनुचित प्रथेसाठी १० हजार ते २ लाख रुपये दंडाची तरतूद आहे, पण नोकरी वाचवायची असेल तर अंतरिम आदेशच कामाला येतो.

भाऊ कंपनीच्या पटावर आहे की कंत्राटदाराच्या, हे मात्र नक्की करून घ्या. कंत्राटी कामगारही युनियनचा सभासद होऊ शकतो. परंतु मूळ कंपनी ‘हा आमचा कामगारच नाही’ म्हणत असेल, तर सिप्ला प्रकरणातील २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर १९७१ च्या अधिनियमाखालील थेट तक्रार टिकत नाही. मालक-कामगार हे नाते आधी दुसऱ्या कार्यवाहीत सिद्ध करावे लागते. रेल्वे, उमरेड-सावनेरच्या कोळसा खाणी आणि केंद्राच्या अखत्यारीतील इतर उद्योगांना हा राज्य अधिनियम लागू नाही, तेव्हा तिथल्या वाचकांनी वरील कलमे स्वतःला जशीच्या तशी लावू नयेत. लेखी संमतीचा नियम मात्र त्यांच्याही वर्गणीला आहे.

शेवटी मुदतीचे. कापलेल्या पगाराचा दावा वेतन संहितेखाली तीन वर्षांत करता येतो, त्यामुळे तिथे घाई नाही. अनुचित प्रथेची तक्रार मात्र घटनेपासून ९० दिवसांत औद्योगिक न्यायालयात दाखल करावी लागते. उशीर माफ होऊ शकतो, पण त्यासाठी सबळ कारण द्यावे लागते, आणि पत्रव्यवहार चालू होता हे कारण नेहमी पुरते असे नाही. तुम्ही लिहिले आहे की मेच्या पगाराचे पत्रक ७ जूनला हातात आले आणि त्यात ती कपात पहिल्यांदा दिसली. त्या तारखेपासून नव्वदावा दिवस ५ सप्टेंबरला येतो. दरमहाची कपात नवे कारण देते असा युक्तिवाद आहे आणि मी तो केलेलाही आहे, पण पहिल्याच मुदतीत अर्ज गेला तर त्याची गरजच पडणार नाही. कंपनीकडे संमतीपत्राची प्रत मागणारे पत्र या आठवड्यात द्या, उत्तरासाठी सात दिवस ठेवा, आणि तोवर मे ते जुलैची तिन्ही पगारपत्रके, करारनाम्याची प्रत आणि तुमच्याकडची शेवटची युनियन पावती एका फाइलमध्ये लावून ठेवा. तक्रारीत कंपनी आणि युनियन दोघांनाही प्रतिवादी करा; एकालाच केले तर दोघेही कपातीची जबाबदारी एकमेकांवर ढकलतील.